खरेदीखतामागचा माणूस

दुय्यम निबंधकांच्या कचेरीत नोंदल्या जाणाऱ्या खरेदीखतात लिहून देणाऱ्याचे नाव असते, लिहून घेणाऱ्याचे असते, साक्षीदारांची व ओळख पटविणाऱ्यांची नावे असतात, गट क्रमांक, क्षेत्र, आकार आणि चतुःसीमा यथासांग लिहिलेल्या असतात. परंतु ज्या माणसाने त्या दोन पक्षांना प्रथम एकत्र बसविले, भावाची घासाघीस सोसली, तलाठ्यापासून मोजणीदारापर्यंत खेपा घातल्या आणि मोडू पाहणारा सौदा पुनःपुन्हा सावरून सहीच्या दिवसापर्यंत आणला, त्याचे नाव त्या दस्तात बहुधा कोठेही आढळत नाही. बीड जिल्ह्यात या माणसाला शहरातील लोक एजंट म्हणतात, खेड्यातील वडीलधारी मंडळी मध्यस्थ म्हणतात, आणि व्यवहार फिसकटला म्हणजे दोघेही त्याला दलाल म्हणतात. त्याच्या श्रमांविषयी समाजात पुष्कळ गैरसमज आहेत. ते काही अंशी त्याच्याच व्यवसायबंधूंनी निर्माण केलेले असले, तरी या माणसाचा दिवस कोणत्या अडचणींतून जातो हे समजून घेतल्यावाचून आपल्याकडील जमिनीचा व्यवहार समजणे शक्य नाही, आणि तो न समजता त्यात उतरणे धोक्याचे आहे.

बीड हा कारखानदारीचा जिल्हा नव्हे. परळीचे औष्णिक विद्युत केंद्र, साखर कारखाने, सरक्या काढणाऱ्या जिनिंग गिरण्या आणि गावोगावचे मोंढे वगळले, तर येथील संपत्तीचे मुख्य रूप जमीन हेच आहे. बालाघाटाच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत: गेवराई-माजलगावकडील गंगथडीच्या काळ्या जमिनी, जेथे जायकवाडीच्या उजव्या कालव्याचे आणि माजलगाव धरणाचे पाणी पोहोचते, आणि पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर या बाजूच्या डोंगरउताराच्या हलक्या जमिनी, ज्यांचे सारे भवितव्य मृगाच्या सरींवर अवलंबून असते. अशा प्रदेशात शेतकरी जमीन विकतो ती सहसा नफ्याच्या हिशोबाने विकत नाही. मुलीचे लग्न, दवाखान्याचा खर्च, मुलाचे शिक्षण अथवा थकलेले कर्ज यांपैकी काही तरी दाराशी उभे असते. म्हणून मध्यस्थ ज्या घराचा उंबरा ओलांडतो, त्या घरात बहुधा आधीच एखादी चिंता बसलेली असते, आणि त्याच्या कामाचा पहिला कठीण भाग हा की, त्या चिंतेचा गैरफायदा न घेता तिच्यातून मार्ग काढावयाचा.

कागदांचा वारसा

मराठवाड्याबाहेरच्या खरेदीदारास सातबारा म्हणजे जमिनीचा संपूर्ण इतिहास वाटतो. येथील अनुभवी मध्यस्थास मात्र सातबारा हा त्या इतिहासाचा शेवटचा अध्याय आहे हे ठाऊक असते. हा प्रदेश सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1956 साली तो मुंबई राज्यात आला आणि 1960 साली महाराष्ट्राचा भाग झाला. त्यामुळे येथील जमिनीची मुळे ज्या दफ्तरांत आहेत, त्यांतील कित्येक उर्दूत व मोडीत लिहिलेली आहेत आणि त्यांवरील सन फसली आहेत, ज्यांत सुमारे 590 मिळविल्यावाचून इसवी सनाचा बोध होत नाही. जुन्या मालकीचा प्रश्न निघाला म्हणजे 1954-55 चे खासरा पत्रक काढावे लागते. इनामाचा प्रश्न निघाला म्हणजे मुंतखब, अर्थात इनामाचा दाखला, शोधावा लागतो. आणि एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट नंबर होताना ज्या चुका राहून गेल्या, त्यांचा मेळ घालण्यासाठी दोन पिढ्यांचे फेरफार एकापुढे एक मांडून वाचावे लागतात.

इनाम जमिनींचा विषय तर स्वतंत्र अभ्यासाचा आहे. निजामी राजवटीत व्यक्तीच्या वा कुटुंबाच्या निर्वाहासाठी दिलेल्या जमिनी मदतमाश म्हणून ओळखल्या जात, तर मंदिर, मशीद, दर्गा यांच्या सेवेच्या अटीवर दिलेल्या जमिनी खिदमतमाश म्हणून. 1954 च्या हैदराबाद इनामे व रोख अनुदाने रद्द करण्याच्या कायद्याने पुष्कळशी इनामे संपुष्टात आली, परंतु धार्मिक व धर्मादाय संस्थांची इनामे त्या कायद्यातून वगळली गेली. देवस्थानाची अथवा वक्फची जमीन ही कसणाऱ्याच्या खाजगी मालकीची होत नाही, ही गोष्ट तीन पिढ्या तीच जमीन कसत आलेल्या कुटुंबास समजावून सांगणे फार कठीण जाते. कारण त्याच्या दृष्टीने वहिवाट हीच मालकी असते. बीड जिल्ह्यात अशा जमिनींच्या बेकायदेशीर हस्तांतरणाबद्दल अलीकडच्या वर्षांत गुन्हेही नोंदले गेले आहेत. ज्याने पंधरा-वीस हजारांच्या दलालीसाठी इतर हक्काच्या रकान्यातील एक ओळ वाचण्याचे टाळले, त्याला पुढे पोलीस ठाण्यात जबाब देण्याची पाळी येऊ शकते, आणि ज्याने त्याच्या शब्दावर आयुष्याची पुंजी घातली त्याचे नुकसान तर भरूनही येत नाही.

याशिवाय कुळांच्या जमिनी आहेत. 1950 च्या हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायद्यातील कलम 38-ई अन्वये ज्या संरक्षित कुळांना मालकी मिळाली, त्यांच्या जमिनीच्या विक्रीवर कलम 50-ब ची बंधने आली. धरणग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेल्या जमिनी, सीलिंगच्या व गायरानातून वाटप झालेल्या जमिनी यांच्यापुढे भोगवटादार वर्ग 2 अशी नोंद असते, आणि सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घेतल्यावाचून, प्रसंगी नजराणा भरल्यावाचून, त्यांचे हस्तांतरण वैध होत नाही. जमीन डोळ्यांना सारखीच दिसते. एकाच बांधाच्या अलीकडची वर्ग 1 ची आणि पलीकडची वर्ग 2 ची असू शकते. हा भेद पहिल्याच भेटीत तपासणारा मध्यस्थ पुष्कळ वेळा आपलाच सौदा आपल्या हातांनी मोडतो, घरी रिकाम्या हाताने परततो, आणि तरीही त्या दिवशी त्याने आपले काम चोख बजावलेले असते.

सह्या देणारी माणसे

कागद निर्वेध ठरला की माणसांचा प्रश्न सुरू होतो. सातबाऱ्यावर एकाच भावाचे नाव आहे म्हणून त्याच्या एकट्याच्या सहीने जमीन विकत घेता येईल असे मानणाऱ्यांची संख्या आजही लहान नाही. 2005 साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात सुधारणा होऊन मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायादाचा हक्क मिळाला, आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात असे स्पष्ट केले की, सुधारणा अमलात आली त्या दिवशी वडील हयात होते की नव्हते यावर तो हक्क अवलंबून नाही. मुस्लिम कुटुंबांत वारसाचे नियम निराळे असले तरी तेथेही मुलीचा हिस्सा ठरलेलाच आहे. असे असता, वारस नोंद करताना बहिणींची नावे गाळली जाणे, अथवा रक्षाबंधनाला आलेल्या बहिणीसमोर हक्कसोडपत्राचा कागद ठेवला जाणे, हे प्रकार सर्रास घडतात.

अशा वेळी मध्यस्थाची खरी कसोटी लागते. विकणारा भाऊ त्याला सांगतो की, बहिणीचे काही म्हणणे नाही. घेणारा सांगतो की, पुढे दावा झाला तर तुम्हीच जबाबदार. आणि बहीण दोन तालुके पलीकडे सासरी असते, जेथे हा विषय काढणे म्हणजे तिच्या माहेरच्या नात्याला हात घालणे असते. जो मध्यस्थ तिच्या घरी जाऊन, तिच्या सासरच्या मंडळींदेखत, "ताई, या जमिनीत तुमचा हक्क आहे, तुम्हाला हिस्सा हवा की सोडायचा, हे तुम्ही ठरवा," असे सरळ सांगतो, तो व्यवहाराला उशीर करतो खरा, परंतु पुढील दहा वर्षांचा वाटणीचा दावा टाळतो. शेतकरी आत्महत्यांचे दुःख या जिल्ह्याने वर्षानुवर्षे सोसले आहे. ज्या घरातला कर्ता पुरुष गेला, त्या घरातील विधवा माउलीच्या नावाची नोंद सातबाऱ्यावर झाली आहे की नाही, अज्ञान मुलांच्या हिश्शाच्या विक्रीसाठी न्यायालयाची परवानगी घेतली आहे की नाही, हे विचारणे हे तर त्याचे कर्तव्यच आहे.

या जिल्ह्यापुरती विशेष अशी आणखी एक अडचण आहे. दसरा-दिवाळी झाली की येथील लक्षावधी स्त्री-पुरुष कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात: कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूरकडे, आणि कर्नाटकातही. ती माणसे परत येतात मार्च-एप्रिलात, कारखान्यांचा पट्टा पडल्यावर. मुकादमाकडून उचल घेतलेल्या माणसाला फडातून दोन दिवसांची सुटी मिळणे सोपे नसते. त्यामुळे सहा भावांपैकी दोघे फडावर असले की खरेदीखत पुढे ढकलावे लागते. घेणाऱ्याचे बँकेतील कर्ज मंजूर होऊन पडलेले असते, इसाराची मुदत सरत असते, आणि मध्यस्थ मात्र कोणत्या कारखान्याच्या कोणत्या टोळीत कोण आहे याचा ठावठिकाणा फोनवर शोधीत बसतो. कुलमुखत्यारपत्राचा मार्ग येथे सोयीचा वाटतो. परंतु मुखत्यारपत्र देणारा मृत्यू पावल्यावर ते सामान्यतः संपुष्टात येते आणि त्यानंतर त्याच्या आधारे केलेली विक्री टिकत नाही, ही गोष्ट पुष्कळांना फार उशिरा कळते.

धुरा, रस्ता आणि गुंठा

कागदावरची जमीन आणि पायाखालची जमीन यांचे क्षेत्र एक असतेच असे नाही. सातबारा हेक्टर-आरमध्ये बोलतो, शेतकरी एकर-गुंठ्यांत बोलतो, आणि प्लॉट घेणारा नोकरदार चौरस फुटांत विचार करतो. चाळीस गुंठ्यांचा एकर आणि 1,089 चौरस फुटांचा गुंठा हा हिशोब तिघांनाही पटेल अशा रीतीने मांडणे हे मध्यस्थाचे नित्याचे काम. पण खरी गुंतागुंत धुऱ्यावर असते. पिढ्यान्पिढ्या नांगराच्या तासागणिक सरकलेला धुरा मोजणीच्या दिवशी एकाएकी आपल्या मूळ जागी परत जात नाही. भूमी अभिलेख खात्याकडे मोजणीचा अर्ज करावा, फी भरावी, तारीख मिळावी, त्या दिवशी लगतच्या शेतकऱ्यांनी हजर राहावे, पीक उभे नसावे आणि हद्दीच्या खुणा दोघांना मान्य व्हाव्यात, एवढ्या सर्व गोष्टी जुळून आल्या तरच हद्द कायम होते. यांतली एक जरी चुकली तरी घेणारा मागे सरतो.

रस्त्याचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. गटाला गाडीवाट आहे की नाही हे सातबारा सांगत नाही. नकाशावरची पाणंद शेतात नांगरली गेलेली असते. आणि आजवर शेजाऱ्याने भावकीच्या नात्याने जाऊ दिलेली वाट नव्या, परक्या मालकाला तो देईलच असा भरवसा नसतो. जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे रस्ता मागता येतो, परंतु त्यासाठी लागणारा काळ कोणाला सांगता येत नाही. म्हणून जाणता मध्यस्थ खरेदीदाराला जमीन दाखविण्याआधी शेजारच्या चार शेतकऱ्यांची भेट घेतो, त्यांच्यापैकी कोणी ती जमीन घेऊ इच्छितो का हे प्रथम विचारतो, आणि मगच बाहेरचा माणूस आणतो. या शिष्टाचाराने त्याचे एखादे मोठे गिऱ्हाईक हातचे जाते. पण गावात पुन्हा पाऊल ठेवण्याचा त्याचा अधिकार कायम राहतो.

शहरालगत अडचणीचे स्वरूप पालटते. बीड शहराभोवती बार्शी, जालना आणि नगरकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या दुतर्फा, तसेच अंबाजोगाई, परळी, माजलगाव, केज येथे, गेल्या काही दशकांत शेतांचे गुंठे पडले. 1947 चा तुकडेबंदीचा कायदा प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्यांच्या विक्रीला मनाई करीत आला. ऑगस्ट 2023 मध्ये शासनाने हे क्षेत्र जिरायतीसाठी 20 गुंठे व बागायतीसाठी 10 गुंठे असे ठरविले. त्यानंतरही या कायद्यात शिथिलता आणण्याचे निर्णय होत राहिले. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा 2001 चा. 2021 च्या दुरुस्तीने त्याची मर्यादा 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीपर्यंत वाढविण्यात आली. दर दोन-तीन वर्षांनी नियम बदलत असताना, ज्याने निवृत्तीच्या पैशांतून एक-दीड गुंठा घेण्याचे योजिले आहे त्या शिक्षकाला नेमके काय सांगावे, हा प्रामाणिक मध्यस्थापुढचा रोजचा पेच आहे. नोटरीच्या शिक्क्याने शंभर रुपयांहून अधिक मोलाच्या स्थावराची मालकी जात नाही, त्यासाठी नोंदलेला दस्तच लागतो, हे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे साधे तत्त्व. तथापि आजही नोटरीच्या कागदावर प्लॉट विकले जातात आणि घेणारे त्यावर घरे बांधतात.

भाव, इसार आणि दलाली

जमिनीला तीन भाव असतात: शासनाच्या वार्षिक बाजारमूल्य दराचा भाव, विकणाऱ्याच्या मनातला भाव आणि घेणाऱ्याच्या खिशातला भाव. मुद्रांक शुल्क प्रत्यक्ष किंमत आणि शासकीय मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकारले जाते, त्यामुळे आडबाजूच्या हलक्या जमिनीचा घेणारा खऱ्या किमतीहून अधिक रकमेवर शुल्क भरतो, तर रस्त्यालगतच्या मोलाच्या जमिनीचा घेणारा कागदावर किंमत कमी दाखविण्याचा मोह धरतो. हा मोह मध्यस्थाच्या वाट्याला येणाऱ्या संकटांत सर्वांत मोठा. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार वा त्याहून अधिक रकमेचा इसार रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याने 2015 पासून मनाई आहे. परंतु रोख नको म्हणणाऱ्या मध्यस्थाला सोडून पक्ष दुसऱ्याकडे जातात, आणि हो म्हणणाऱ्याच्या डोक्यावर असा पैसा येतो की ज्याची पावती देता येत नाही व जो बुडाल्यास दाद मागता येत नाही.

भाव चढतो तो पुष्कळदा वार्तेने. अहिल्यानगर-बीड-परळी या 261 किलोमीटरच्या लोहमार्गाची वाट जिल्ह्याने अनेक दशके पाहिली, आणि 17 सप्टेंबर 2025 रोजी बीडहून अहिल्यानगरकडे गाडी सुटली. या साऱ्या काळात स्थानकाची जागा, भूसंपादनाची रेषा आणि महामार्गाचे वळण यांविषयीच्या अफवांवर जमिनी विकत घेणारे व विकणारे निर्माण झाले. ज्याच्याजवळ अधिकृत अधिसूचना नाही, त्याने अशा वार्तेचा विक्रीसाठी उपयोग करू नये, हे सांगणे सोपे आहे. पण शेजारचा मध्यस्थ तीच वार्ता सांगून सौदे करीत असताना मौन पाळणे याला मनोनिग्रह लागतो. 2023 नंतर जिल्ह्यातील मोठ्या पतसंस्थांची दारे बंद झाली व ठेवीदारांचे पैसे अडकले, तेव्हा एकीकडे लोकांचा ठेवींवरील विश्वास उडून जमिनीकडे ओढा वाढला, तर दुसरीकडे अनेकांनी इसार देऊन ठेवलेले सौदे उरलेली रक्कम हाती न आल्याने मोडले. दोन्ही पक्ष पीडित असलेल्या अशा सौद्यात इसार कोणी कोणाला किती परत करावा, याचा निवाडा मध्यस्थालाच करावा लागला.

आणखी एक सावध राहण्याची जागा आहे. खाजगी सावकाराच्या कर्जापोटी तारण म्हणून लिहून दिलेले खरेदीखत बाहेरून खऱ्या विक्रीसारखेच दिसते. 2014 च्या सावकारी नियमन कायद्याने अशी जमीन मूळ मालकास परत मिळण्याची तरतूद केली आहे. पण ती मिळविण्यास वर्षे लागतात. शेत कोण कसतो, कब्जा कोणाचा, किंमत बाजारभावाच्या मानाने फारच कमी का, हे प्रश्न विचारले असता खरे-खोटे बहुधा उघड होते, आणि ते विचारणे हे मध्यस्थाच्या अखत्यारीतले पहिले काम आहे.

इतके करून त्याच्या पदरात काय पडते? रूढी अशी की दोन्ही पक्षांकडून एक वा दोन टक्के. ही रक्कम मोठी वाटते. परंतु दहा सौद्यांमागे खरेदीखतापर्यंत पोहोचणारे थोडे, पितृपंधरवड्यात बाजार थंड, पेरणीच्या दिवसांत माणसे शेतात, दुष्काळात विकणारे पुष्कळ व घेणारा कोणी नाही, आणि चांगल्या पावसानंतर घेणारे पुष्कळ व विकणारा कोणी नाही. त्यातून बहुतेक सौद्यांत एकाऐवजी चार मध्यस्थांची साखळी असते: एकाची विकणाऱ्याशी ओळख, दुसऱ्याची घेणाऱ्याशी, आणि मधल्या दोघांना फक्त निरोपाचे श्रेय. प्रत्येकाने आपले काही मिळविले की विकणाऱ्याने सांगितलेला भाव घेणाऱ्यापर्यंत पोहोचेतो ओळखू येत नाही. उलट, जमीन दाखवून झाल्यावर दोन्ही पक्षांनी परस्पर बोलणे करून मध्यस्थाला वगळणे हाही नित्याचा अनुभव आहे. करार कायद्याप्रमाणे अन्यथा ठरलेले नसल्यास प्रतिनिधीचे पारिश्रमिक काम पुरे झाल्यावर देय होते. पण नेमणुकीचा कागदच नसेल तर काम कोणाचे व पुरे कोणी केले हे सिद्ध कसे करावयाचे? रोज दुसऱ्यांना लेखी करण्याचा सल्ला देणारा हा माणूस आपली स्वतःची मजुरी मात्र शब्दावर सोडतो, आणि तिथेच तो सर्वाधिक ठकविला जातो.

भाड्याच्या घरांचे व्यवहार लहान असतात, पण मनाला अधिक टोचतात. बीडमधील शिकवण्यांना येणारी मुले, अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थी, बदलीवर आलेले कर्मचारी यांना खोली शोधून देताना घरमालकाचा पहिला प्रश्न भाड्याचा नसून जातीचा वा धर्माचा असतो. या प्रश्नाचे उत्तर पोहोचविण्याचे काम मध्यस्थाने नाकारावे, एवढेच नव्हे तर घरमालकाला शांतपणे समजावून पाहावे, अशी अपेक्षा करणे उचित आहे. कारण वस्त्यांची विभागणी वाढविण्यात वा कमी करण्यात त्याचा हात प्रत्यक्ष असतो.

कायद्याची कक्षा आणि तिच्याबाहेरचे रान

2016 साली स्थावर संपदा नियमन व विकास कायदा झाला आणि 1 मे 2017 पासून महाराष्ट्रात महारेरा या नियामक प्राधिकरणाचे काम सुरू झाले. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या आणि आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी आवश्यक ठरली, आणि अशा प्रकल्पातील विक्रीसाठी मध्यस्थी करणाऱ्याने आपलीही नोंदणी करून घेतली पाहिजे असे कलम 9 ने ठरविले. नोंदणी नसता मध्यस्थी केल्यास प्रतिदिनी दहा हजार रुपये, आणि एकूण मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत, दंडाची तरतूद आहे. जानेवारी 2023 मध्ये महारेराने मध्यस्थांसाठी प्रशिक्षण व परीक्षा अनिवार्य केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात पहिली परीक्षा झाली. ज्या व्यवसायात कालपर्यंत फक्त ओळख पुरत असे, त्यात ज्ञानाची अट आली, ही घटना महत्त्वाची आहे.

तथापि बीडसारख्या जिल्ह्यात या कायद्याची कक्षा तोकडी पडते. येथील बहुसंख्य व्यवहार शेतजमिनीचे, गावठाणातल्या जुन्या घरांचे, नगरपालिकेच्या मालमत्ता कर नोंदवहीच्या (पीटीआर) उताऱ्यावरील जागांचे. आणि त्यांपैकी कशालाही महारेराची नोंदणी लागू होत नाही. या रानात चहाच्या हॉटेलात बसणारा कोणीही सकाळी मध्यस्थ होऊ शकतो. त्याला खासरा वाचता येतो की नाही, वर्ग 2 चा अर्थ ठाऊक आहे की नाही, हे कोणी विचारीत नाही. म्हणून जो मनापासून हा व्यवसाय करतो, त्याची रोजची झुंज कायद्याशी वा गिऱ्हाइकाशी जेवढी, तेवढीच आपल्या व्यवसायाच्या बिघडलेल्या लौकिकाशी असते.

हा लौकिक सुधारण्याचे उपाय दुर्घट नाहीत. मध्यस्थाने प्रत्येक कामाच्या आरंभी एका पानाचा लेखी करार करावा, त्यात आपण कोणाच्या वतीने काम करीत आहोत आणि कोणाकडून किती दलाली घेणार आहोत हे स्पष्ट लिहावे. सातबारा, आठ-अ, फेरफार, जुना खासरा, नकाशा, बँकेचा बोजा आणि सूची क्रमांक दोन एवढे कागद स्वतः पाहिल्यावाचून जमीन कोणालाही दाखवू नये. तीस वर्षांच्या शोधासाठी वकिलाची फी वाचविण्याचा सल्ला देऊ नये. वर्तमानपत्रात जाहीर प्रगटन द्यावयास लावावे. आणि खरेदीखत झाल्यावर फेरफाराची नोटीस निघून मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करेपर्यंत आपले काम संपले असे मानू नये. वाचकांनीही आपली बाजू सांभाळावी. विनामूल्य सल्ला आणि परस्पर सौदा यांची अपेक्षा धरून कोणाही व्यावसायिकाकडून प्रामाणिकपणा मिळत नाही. जो कागदातला दोष दाखवून सौदा मोडतो, त्याला त्याच्या श्रमाचे मोल देण्याची रूढी आपण पाडली पाहिजे, कारण त्याने आपल्याला जे वाचविले ते कोणत्याही दलालीहून अधिक असते.

या साऱ्या विवेचनाचा गाभा एका विषमतेत आहे. बीडचा शेतकरी आपल्या आयुष्यात जमीन विकतो ती एकदा, फार तर दोनदा. नोकरदार माणूस घरासाठी जागा घेतो तीही एकदाच. आणि मध्यस्थ मात्र असे शेकडो व्यवहार पाहतो. त्या दोघांचे अज्ञान आणि याचा अनुभव यांच्यातले अंतर हेच त्याचे भांडवल आहे. ते लूट करण्यासाठी वापरता येते आणि संरक्षणासाठीही वापरता येते, आणि कायदा अद्याप जेथे पोहोचला नाही तेथे यांपैकी काय घडावे हे त्या एका माणसाच्या सचोटीवर अवलंबून राहते. म्हणूनच शेतजमिनीच्या मध्यस्थांसाठीही नोंदणी, परीक्षा आणि उत्तरदायित्व यांची व्यवस्था शासनाने उभी केली पाहिजे, आणि ती उभी होईपर्यंत प्रत्येक मध्यस्थाने ती स्वतःपुरती पाळली पाहिजे.